घाईचा डेक की दमाचा डेक? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मॅजिक द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळावर ओझरतं लिहिलं होतं, त्यावर जी पत्रं आली ती जवळजवळ सगळी एकाच गोष्टीभोवती फिरतायत, अ‍ॅग्रो चांगला की मिडरेंज. म्हणून यावेळची दोन्ही पानं त्यालाच देऊन टाकली.

ज्यांना खेळ माहीतच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रिचर्ड गारफिल्डने १९९३ साली आणलेला हा खेळ. दोघं समोरासमोर बसतात, प्रत्येकाचा स्वतः जुळवलेला कमीत कमी ६० कार्डांचा डेक म्हणजे गठ्ठा, प्रत्येकाकडे २० लाइफ आणि सुरुवातीला हातात ७ कार्डं. दर टर्नला एक लँड खाली टाकता येते, लँडमधून तिच्या रंगाचा माना मिळतो (कार्ड खेळायचा खर्च), मानाने क्रीचर (लढणारे प्राणी) आणायचे किंवा स्पेल (मंत्र) मारायचे आणि समोरच्याचे २० संपवायचे. अ‍ॅग्रो म्हणजे एक-दोन मानाची स्वस्त क्रीचर्स भराभर टाकून पहिल्या टर्नपासून हाणत सुटायचं. मिडरेंज म्हणजे सुरुवातीला समोरचा वार झेलत, एकेक क्रीचर मारत टिकून राहायचं आणि तीन-चार-पाच मानाला अशी कार्डं टाकायची की ज्यातलं एकेक समोरच्याच्या दोन-दोन कार्डांना पुरून उरतं.

दादा, मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर आमचा ग्रुप खेळतो. माझा लाल अ‍ॅग्रो आणि रूममेटचा मिडरेंज. पहिले तीन टर्न मी त्याला धुतो, मग चौथ्या टर्नला तो एक मोठा क्रीचर टाकतो आणि तिथून माझं सगळं बंद पडतं. माझी कार्डंच कमजोर आहेत का? डेक बदलू का?
— एक विद्यार्थी, पुणे

मित्रा, डेक बदलू नकोस, आधी कागद-पेन घे आणि माझ्याबरोबर हिशोब कर.

समज तू पहिल्या टर्नला २ पॉवरचा, म्हणजे हल्ल्यात २ लाइफ घालवणारा, क्रीचर टाकलास, दुसऱ्याला अजून एक २ पॉवरचा, तिसऱ्याला ३ पॉवरचा. क्रीचर आला त्याच टर्नला सहसा हल्ला करता येत नाही, म्हणजे दुसऱ्या टर्नला तुझे २ बसले, तिसऱ्याला ४, चौथ्याला ७. झाले १३. उरले ७. आता हातात दोन लाइटनिंग बोल्ट असतील, एक माना आणि ३ डॅमेज, तर ६ अजून गेले आणि समोरचा १ वर जिवंत! मी हे मुद्दाम असंच मांडलंय, कारण अ‍ॅग्रोचं गणित खरंच इतकं काठावरचं असतं. एका टर्नला एका क्रीचरने हल्ला करायला तू बिचकलास तर तोच पॉइंट शेवटी कमी पडतो.

आता मुख्य गोष्ट, जी तू पत्रात लिहिलेलीच नाहीस. या सगळ्यात पहिला टर्न कुणाचा होता? तू पहिला असशील तर त्याचा चार मानाचा क्रीचर यायच्या आधी तुझे चार टर्न झालेले असतात, म्हणजे वरचे पूर्ण १३ बसलेले असतात. तो पहिला असेल तर त्याच्या चौथ्या टर्नच्या आधी तुझे तीनच टर्न झालेले असतात, बसतात फक्त ६. कार्डं तीच, डेक तोच, आणि १३ चे ६ झाले (दोन्हीकडे त्याने मध्ये काहीच ब्लॉक केलं नाही असं धरलंय, प्रत्यक्षात तो करेलच). त्यामुळे कोणत्या डावात कोण पहिला होता हे आधी लिहून ठेवायला लाग, आणि मग ठरव की तू खरंच नेहमी हरतोस की दुसरा असताना हरतोस. माझा अंदाज, दुसरा असतानाच.

आणि तो मोठा क्रीचर काय करतो तेही बघ. २०१४ च्या खान्स ऑफ तारकिर सेटमधला सीज ऱ्हायनो हे याचं सगळ्यात चोख उदाहरण. चार माना, ४/५ (४ पॉवर, ५ टफनेस, म्हणजे ५ डॅमेज बसल्यावर मरणारा), आला की तुझे ३ जातात आणि त्याला ३ मिळतात. त्याला मिळालेले ३ म्हणजे तुझा एक अख्खा बोल्ट पुसला गेला, शिवाय ५ टफनेस असल्यामुळे एका बोल्टने तो मरत नाही, दोन लागतात, म्हणजे त्याच्या एका कार्डासाठी तुझी दोन कार्डं गेली आणि तरी तुझ्या ३ लाइफची भरपाई झालीच नाही. मिडरेंज जिंकतो तो असा. क्रीचरच्या साइजपेक्षा हा जो कार्डांचा हिशोब असतो ना, त्यात तो पुढे निघून जातो.

म्हणून त्याच्या ऱ्हायनोसारख्या क्रीचरला मारायच्या मागे तू लागूच नकोस. तो आला की लगेच मोज, समोर किती लाइफ उरलंय आणि माझ्या हातात थेट डॅमेज किती आहे. ७ उरलेत आणि हातात दोन बोल्ट आहेत तर मला कुठून तरी अजून १ पॉइंट आत घुसवायचाय, त्यासाठी दोन क्रीचर गेले तरी चालतील, तो एका वेळी एकालाच ब्लॉक करू शकतो. पण १४ उरलेत आणि हातात एकच बोल्ट असेल तर सरळ अंगावर जाणं म्हणजे फुकट मरणं. अशा वेळी बोल्ट सुरुवातीच्या छोट्या ब्लॉकरवर किंवा माना देणाऱ्या क्रीचरवर आधीच वापरायला हवा होता का, हा विचार डाव संपल्यावर कर. दुसऱ्या टर्नला त्याचा माना देणारा क्रीचर मारलास तर त्याचं चार मानाचं कार्ड एक टर्न लांबतं, आणि वरच्या हिशोबात एक टर्न म्हणजे ७ डॅमेज, बोल्टच्या दुपटीपेक्षा जास्त.

सगळे सांगतात की नवीन माणसाने अ‍ॅग्रो घ्यावा कारण त्याला डोकं लागत नाही. मी आणि माझे मिस्टर दोघंही आत्ताच शिकतोय. मी अ‍ॅग्रो घेतला आणि त्यांनी मिडरेंज, आता ते मला चिडवतात की तुझा सोपा आहे. खरंच सोपा असतो का?
— एक वाचिका, नाशिक

ताई, शिकायला सोपा, हे मान्य. डोकं लागत नाही हे मला अजिबात मान्य नाही आणि यावर मी कुणाशीही तासभर वाद घालायला तयार आहे.

थोडा इतिहास सांगतो. खेळाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत लोक जमेल तितकी ताकदवान आणि महाग कार्डं एकत्र कोंबायचे. १९९६ मध्ये अटलांटातल्या एका पात्रता स्पर्धेत पॉल स्लाय नावाचा खेळाडू एक लाल डेक घेऊन बसला, डेकची कल्पना जे श्नायडरची होती. त्यात आयर्नक्लॉ ऑर्क्ससारखी क्रीचर्स होती, जी बघून कुणीही म्हणेल हे काय कचरा घेऊन आलाय. पण त्यामागचा विचार भारी होता. पहिल्या टर्नला एक माना आहे तर तो एक वापरायचा, दुसऱ्याला दोन आहेत तर दोन्ही, एकही माना वाया जाऊ द्यायचा नाही, आणि त्या हिशोबाने किती मानाची किती कार्डं ठेवायची ते आधीच मोजून ठरवायचं. आज आपण ज्याला माना कर्व म्हणतो तो विचार इथून रुजला, आणि आज मिडरेंजवालेसुद्धा त्याच विचाराने डेक बांधतात. म्हणजे तुमच्या मिस्टरांचा डेकसुद्धा या बिनडोक म्हटल्या जाणाऱ्या डेकचं देणं लागतो, त्यांना हे जरूर सांगा.

अ‍ॅग्रोमध्ये निर्णय कमी नसतात, ते लवकर येतात आणि चुकलेला दुरुस्त करता येत नाही. मिडरेंजवाल्याने तिसऱ्या टर्नला चूक केली तर सातव्या टर्नपर्यंत सावरायला वेळ असतो. तुमचा एक मानाचा क्रीचर पहिल्या टर्नला आला तर चौथ्या टर्नपर्यंत ६ डॅमेज देऊन जातो, तोच पाचव्या टर्नला हातात आला तर समोर मोठे ब्लॉकर उभे असतात आणि तो जवळपास काहीच करत नाही. कार्डाची किंमत दर टर्नला उतरत जाते, आणि उतरत्या किमतीचा माल योग्य वेळी खपवायला अक्कल लागते.

अजून एक गोष्ट जी दोघांनी मिळून शिकावी. १९९९ मध्ये माइक फ्लोरेस या खेळाडू-लेखकाने एक मुद्दा मांडला होता जो आजही तितकाच खरा आहे. प्रत्येक डावात दोघांपैकी एकाने हल्लेखोर असायचं असतं आणि दुसऱ्याने थोपवणारा, आणि आपली भूमिका कोणती हे ज्याने चुकीचं ओळखलं तो हरतो. तुमचा डेक अ‍ॅग्रो आहे म्हणून दर डावात तुम्हीच हल्लेखोर असं नसतं हो. समोर तुमच्यापेक्षाही वेगवान डेक असेल तर तुम्हाला थोपवायचंय. कबड्डीत बघा, चार पॉइंटने पुढे असलेली टीम शेवटच्या मिनिटाला रेडर पाठवते तो काही गडी मारायला नाही, तीस सेकंद काढून सुखरूप परत यायला. तोच रेडर पहिल्या हाफमध्ये आत घुसलेला असतो. त्याची अक्कल कुठे दिसते, तर स्कोअरबोर्ड बघून खेळ बदलण्यात.

तर एक करा, महिनाभर दर रविवारी डेक अदलाबदल करून खेळा. तुमचा डेक त्यांच्या हातात दिलात की "सोपा आहे" हे वाक्य आपोआप बंद होईल, आणि तुम्हालाही कळेल की समोर बसलेल्याला चौथ्या टर्नपर्यंत किती धाकधूक असते.

सर, ६० मध्ये लँड किती ठेवायच्या? कुणी २० सांगतं कुणी २६.
— कोल्हापूर

दोघंही बरोबर. पहिला टर्न तुमचा असेल तर चौथ्या टर्नपर्यंत तुम्ही १० कार्डं बघता. ६० मध्ये २४ लँड असतील तर त्या १० मध्ये सरासरी ४ येतात, म्हणजे चौथ्या टर्नला चार मानाचं कार्ड टाकता येतं. २० असतील तर सरासरी साडेतीनच्याही खाली. मिडरेंजला चौथी आणि पाचवी लँड हवीच, म्हणून २४ ते २६. अ‍ॅग्रोचं तीन लँडवर भागतं आणि पाचवी-सहावी लँड आली की ते कार्ड वाया, म्हणून २० ते २२.

याच्यापेक्षा महत्त्वाचं सांगू का, एक मानाची क्रीचर्स मोजा. ८ ठेवलीत तर पहिल्या ७ कार्डांत निदान एक येण्याची शक्यता साधारण ६५ टक्के. १२ ठेवलीत तर ८१ टक्के. नवीन लोक ८ ठेवतात आणि मग नशिबाला दोष देतात.

मोठ्या स्पर्धांमध्ये शेवटी वरचढ कोण ठरतं? आमच्या ग्रुपमध्ये यावरून रोज भांडण होतं, एकदाचा निकाल लावून टाका.
— एक वाचक, नागपूर

निकाल लावता येत नाही, पण २०१७ चं वर्ष सांगतो, त्या एका वर्षात दोन्ही बाजूंचं सगळं आलं.

त्या वर्षी जुलैत जपानमध्ये क्योतोला प्रो टूर झाली. जिंकला ब्राझीलचा पाउलो व्हिटोर दामो दा रोसा, डेक रामुनाप रेड, पक्का लाल अ‍ॅग्रो. फायनलमध्ये समोरही तोच डेक. या डेकचं वैशिष्ट्य म्हणजे वर मी २० ते २२ लँड म्हटलं ना, तो नियम यांनी मोडला, हे चोवीसच्या आसपास लँड खेळायचे. का, तर रामुनाप रुइन्स ही लँडच हत्यार होती, चार माना देऊन एक डेझर्ट (लँडचा एक प्रकार) बळी दिली की थेट २ डॅमेज. म्हणजे उशिरा आलेली लँड वाया जाते हा जो अ‍ॅग्रोचा जुना रोग, त्यावरच औषध मिळालं होतं. आणि वर हॅझोरेट नावाचं क्रीचर-कार्ड. चार माना, ५/४, मरत नाही, आल्या आल्या हल्ला करते, पण अट अशी की तुमच्या हातात एक किंवा शून्य कार्ड असेल तरच हलणार. हे कार्ड मला फार आवडतं कारण दोन डेकमधला फरक त्या एका अटीत आहे. अ‍ॅग्रोवाल्याचा हात चौथ्या टर्नला तसाही रिकामा होत आलेला असतो, त्याच्यासाठी ती अट नाहीच. मिडरेंजवाल्याचा हात भरलेला असतो, किंबहुना तो भरलेला ठेवण्यावरच त्याचं पोट असतं, त्याच्याकडे हॅझोरेट नुसती बसून राहील.

त्या वर्षीची दुसरी बाजू म्हणजे टेमुर एनर्जी हा हिरवा-निळा-लाल डेक, मिडरेंजचा राजा म्हणा. त्यातला रोग रिफायनर बघा, तीन माना, ३/२, आला की एक कार्ड ओढायचं आणि दोन एनर्जी (साठवून नंतर खर्चायचे पॉइंट) घ्यायची. म्हणजे तो मेला तरी तुमचं काही गेलेलं नसतं, कार्ड आधीच हातात आलंय. व्हर्लर व्हर्चुओसो तीन एनर्जी घेऊन १/१ चे उडणारे थॉप्टर काढायचा, अडचणीच्या वेळी ब्लॉक करायला आणि नंतर वरून मारायला. आणि पाच मानाला ग्लोरीब्रिंगर ड्रॅगन, जो आला त्याच टर्नला हल्ला करायचा आणि सोबत एखाद्या क्रीचरला ४ डॅमेज.

ऑक्टोबरमध्ये बॉस्टनला वर्ल्ड चॅम्पियनशिपची फायनल याच दोन डेकमध्ये झाली. विल्यम जेन्सनचा टेमुर एनर्जी, हाविएर दोमिंगेझचा रामुनाप रेड. जेन्सन जिंकला. आणि जानेवारी २०१८ मध्ये स्टँडर्ड फॉरमॅटमधून (अलीकडच्याच सेटची कार्डं चालतात तो प्रकार) चार कार्डं बॅन झाली, अ‍ॅट्यून विथ एथर आणि रोग रिफायनर एनर्जीची, रामुनाप रुइन्स आणि रॅम्पेजिंग फेरोसिडॉन लालकडची. दोन्ही बाजूंची दोन-दोन. मला विचाराल तर ग्रुपमधल्या भांडणाचं उत्तर या बॅनच्या यादीत आहे. मिडरेंजवर बडगा उगारला तर लाल मोकाट सुटेल ही भीती होती म्हणूनच दोघांवर एकदम हात टाकावा लागला.

मुलगा नववीत आहे, या खेळाचं वेड लागलंय. खर्चाची काळजी वाटते. यातला स्वस्त प्रकार कोणता?
— एक पालक, ठाणे

साधारणपणे एकरंगी अ‍ॅग्रो. डेकमधला मोठा खर्च बरेचदा दोन-तीन रंगांचा माना देणाऱ्या दुर्मिळ लँडवर होतो आणि मिडरेंजला त्या भरपूर लागतात. एकरंगी लाल डेकमध्ये बहुतेक साध्या माउंटन चालतात. त्याहून चांगलं म्हणजे पॉपर फॉरमॅट, त्यात फक्त कॉमन दर्जाची कार्डं, आणि दोन्ही प्रकारचे डेक बनतात. घरी मित्रांबरोबर खेळताना जुन्या कार्डावर कागदाची चिठ्ठी लावूनही भागतं, अधिकृत स्पर्धेत तसं चालत नाही. महिन्याचा आकडा त्याच्याशी बसून ठरवा, आणि बंद पाकिटं फोडत बसण्यापेक्षा हवं ते सुटं कार्ड घ्यायला सांगा, पाकिटात काय निघेल ते कुणाच्याच हातात नसतं.

मी मूळची साताऱ्याची, सध्या डब्लिनला. इथे दुकानात मॉडर्न फॉरमॅट (जुन्या सेटची कार्डंही चालतात) खेळते, डेक जुंड (काळा-लाल-हिरवा) मिडरेंज. बर्न डेकसमोर (थेट डॅमेजचे स्पेल मारत सुटणारा) पहिला गेम हरले की साइडबोर्डमधून (गेमच्या मध्ये बदलायची जादा कार्डं) लाइफ वाढवणारी सगळी कार्डं आत घेते, तरी हरतेच. काय काढू, काय ठेवू?
— एक वाचिका, डब्लिन

ताई, आत काय घेताय त्याच्या आधी बाहेर काय काढताय ते बघा. थॉटसीझ ठेवताय का? समोरच्याच्या हातातलं एक कार्ड जातं आणि तुमचे स्वतःचे २ लाइफ जातात. बर्नसमोर हा सौदा फार वाईट आहे, विशेषतः तुम्ही दुसऱ्या असाल तेव्हा. मी तर पहिलं तेच काढेन.

मग लँड. फेच लँड (बळी देऊन डेकमधून दुसरी लँड आणणारी) फोडली १ लाइफ, त्यातून शॉक लँड (दोन रंगांची) उभी, म्हणजे लगेच वापरता येईल अशी, आणली २ लाइफ, झाले ३. म्हणजे समोरच्याला तुम्ही स्वतःच्या हाताने एक बोल्ट फुकट दिलात. बर्नचं सगळं गणित ३ च्या पाढ्यात चालतं, २० संपवायला त्याला तीन-तीनची ७ कार्डं लागतात, १७ ला ६ पुरतात. फेच करून साधी फॉरेस्ट किंवा स्वॅम्प आणा, एखादा रंग एक टर्न उशिरा मिळाला तरी चालेल, आणि शॉक लँड आणायचीच असेल तर ज्या टर्नला माना लागत नाहीये तेव्हा ती आडवीच (त्या टर्नला न वापरता येणारी) येऊ द्या.

तिसरी गोष्ट थोडी उलटी वाटेल. लाइफ वाढवणारी कार्डं दोन-तीनच घ्या, सगळी नको. ४ लाइफ मिळालं म्हणजे त्याचं सव्वा कार्डापेक्षा थोडं जास्त अडलं, पण टेबलावर तुमचं काहीच नसेल तर तो पुढचं कार्ड ओढून पुन्हा सुरू. बर्नला वेळ दिलात की तो दर टर्नला एक बोल्ट ओढत राहतो, त्यामुळे या मॅचअपमध्ये सुरुवातीचे दोन क्रीचर मारले की लगेच भूमिका बदला, टार्मोगॉयफसारखा मोठा क्रीचर खाली टाका आणि अंगावर जा. मिडरेंज असलात तरी चौथ्या टर्नपासून हल्लेखोर तुम्ही. आणि बर्नवाला कधी कधी साइडबोर्डनंतर रिमूव्हल (क्रीचर मारणारी कार्डं) घेऊन संथ होतो, रामुनाप रेडवालेसुद्धा दुसऱ्या गेमला ग्लोरीब्रिंगर आत घेऊन अर्धे मिडरेंज व्हायचे, तेव्हा दुसऱ्या गेममध्ये त्याने पहिल्या दोन टर्नला काय टाकलं ते नीट बघा आणि मगच ठरवा.

एक शेवटचं, मुलिगन, म्हणजे सुरुवातीचा हात पसंत नसेल तर बदलून घेणं. आता नियमाप्रमाणे दर वेळी पूर्ण ७ ओढून मग जितक्यांदा मुलिगन घेतला तितकी कार्डं डेकच्या तळाशी ठेवायची असतात, त्यामुळे ६ चा चांगला हात मिळणं पूर्वीपेक्षा सोपं झालंय. बर्नसमोर चार मानाची तीन कार्डं आणि चार लँड असा हात आला तर तो दिसायला कितीही सुंदर असू दे, ठेवू नका. पुढच्या आठवड्यात हे करून बघा आणि पहिल्या असताना किती जिंकलात, दुसऱ्या असताना किती, ते वेगवेगळं लिहून मला पाठवा.